लाल खुंटी, चुलतभावाच्या रानात

प्रकल्पात जमीन जायची म्हटलं की लोक रडतात. मी आमची जात नव्हती म्हणून जळलो, आणि ती जळजळ काही वर्षं पुरली. ज्या रेल्वेपायी हे झालं ती आजतागायत आलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमचं गाव कागलपासून थोडं आत. नव्वदीच्या दशकात कोल्हापूरहून आमच्या बाजूनं नवी रेल्वे निघणार अशी बोलणी उठली. एका उन्हाळ्यात मोजणीची माणसं तिकाटण्यावर दुर्बीण ठेवून रानारानांतून फिरायला लागली. ती पुढं गेली की मागं लाल टोकाच्या लाकडी खुंट्या दिसायच्या. आमचं आणि चुलत्यांचं रान एकाच बांधाला. वाटणीत वरचा चांगला तुकडा आमच्या वडिलांनी पटकावला होता, आणि त्या आनंदात ते कायम मिशीला पीळ देत हिंडायचे. खुंट्या नेमक्या खालून, चुलत्यांच्या ओढ्याकडच्या तुकड्यातून गेल्या.

जमीन जाईल त्या घरात रेल्वेची एक नोकरी, असं अख्खं गाव धरून चाललं होतं. कुणी सांगितलं, ते विचारू नका. मी बी.कॉम. होऊन घरी बसलेला. चुलतभाऊ माझ्याहून चार महिन्यांनी मोठा, बारावीत अडकून पडलेला. आणि नोकरी त्याला! का, तर त्याच्या उसात हातभर लाकूड ठोकलंय म्हणून.

रेल्वेची खबर गावाला मिळायची ती ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून. पाणी कधी सुटणार, पोरांना डोस कधी पाजणार, हे झालं की शिपाई घसा खाकरायचा. "गावकऱ्यांना कळविण्यात येते की, नवीन रेल्वेचं काम प्रगतिपथावर हाय. खुंट्या कुणी उपटू नयेत. खुंटीला म्हस बांधू नये." दर वेळी काम प्रगतिपथावरच असायचं. पण भोंगा थांबला की लोक चुलत्यांच्या कट्ट्यावर जमायचे, जणू रेल्वेचं ऑफिस तिथंच उघडलंय. चुलतभाऊ सगळ्यांना चहा द्यायचा आणि मला काय म्हायती न्हाय बाबा, म्हणून हसायचा. तरी गावानं त्याला टीसी म्हणायला सुरुवात केली. "टीसी, आमाला खिडकीची जागा ठेवा बरं का!" हे ऐकलं की मी आमचं दार लावून घ्यायचो.

पण मला खरी झोंबली ती दुसरीच गोष्ट. खुंट्या ठोकायच्या जरा आधी आम्ही आजऱ्याला मुलगी बघायला गेलो होतो. मुलगा मी. सोबत वडील, चुलते, गावातली दोन जाणती माणसं, आणि सोबतीला म्हणून चुलतभाऊ. मुलगी पोहे घेऊन आली आणि मी तिथंच खलास झालो. आमच्यातल्या एकानं तिला नाव विचारलं, दुसऱ्यानं शिक्षण, तिसऱ्यानं स्वयंपाक काय काय येतो ते. एकानं चालून दाखवायला सांगितलं. मी काहीच विचारलं नाही, कारण इस्त्री मोडेल म्हणून मी ताठ बसलो होतो. एवढ्यात हा शहाणा मध्येच तिला म्हणाला, "आमी खातोय, पण तुमी खाल्लंसा का?" सगळे हसले. मुलीनं मान खाली घातली. मी त्याच्या मांडीला असा चिमटा काढला की तो कळवळला. कुठं काय बोलावं ते त्याला कधीच कळायचं नाही.

आजऱ्याचा निरोप काही लवकर आला नाही. मी रोज एसटीच्या वेळेला फाट्यावर जाऊन उभा राहायचो. मग खुंट्या आल्या, गाव रेल्वेमय झालं आणि एक दिवस आजऱ्याची जीप आमच्या दारात थांबली. पावणे उतरले, पाणी प्याले, पत्रिका जुळंना असं काहीतरी पुटपुटले. तिथून उठले ते थेट शेजारी, चुलत्यांच्या दारात गेले.

महिन्याभरात लग्न झालं. भाऊ म्हणून मी पंगतीत वाढलं, वरातीत नाचलो. अक्षता मात्र जरा जोरातच टाकल्या. सगळं गाव म्हणत होतं, खुंटीनं पोराचं नशीब काढलं. मीही तेच म्हणत होतो, फक्त दात-ओठ खात.

पुढं आम्हा दोघांनाही कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम लागलं, एकाच कंपनीत. रेल्वे येईपर्यंत, असं तो म्हणायचा. आजऱ्याहून तिच्या माहेरचे काजू यायचे, त्यातला वाटा आमच्याकडं न चुकता यायचा. ते काजू मला गोड लागत नसत, तरी एक शिल्लक ठेवत नसे. संध्याकाळी तिचा हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा आणि मी रेडिओ मोठा करायचो. माझ्यासाठी बघितलेली मुलगी खुंटीमुळं त्याच्या घरात गेली, हा हिशेब मी मनात पक्का केला होता. त्या हिशेबावरच मी जगत होतो, म्हणा ना. घरच्यांनी दाखवलेल्या प्रत्येक मुलीत मी खोट काढली.

आणि एका सकाळी भोंगा बोलला. मोजणीत बदल झालाय, नवीन आखणी वरच्या अंगानं जाणार. चार दिवसांत लाल टोकं आमच्या रानात उभी राहिली. वडिलांनी मिशीला पीळ देत पेढे आणले. मी त्यातले निम्मे ताटलीत घेतले आणि शेजारी गेलो. पेढे हे निमित्त. मला त्यांची तोंडं उतरलेली बघायची होती.

भाऊ ड्यूटीवर गेला होता. वहिनी सोप्यात तांदूळ निवडत बसली होती, लेक मांडीवर.

"कळलं न्हवं, वहिनी? खुंट्या आमच्यात आल्या."

"ऐकलं की भोंग्यावर. लई बरं झालं. आता तुमचंबी लगीन ठरतंय बगा, भावजी." तिनं पेढा मोडून लेकीच्या तोंडात घातला. तोंड उतरायचं नाव नाही.

मला राहवेना. "तुमास्नी वाईट न्हाई वाटलं? खुंटी बघूनच दिलं न्हवं तुमाला हितं?"

ती हसली. "आबांनी बघितली आसंल खुंटी. मी कुठं बघितल्ती? तुमी सगळी आल्तासा त्याच दिशी मी आईला सांगितल्तं, करीन तर त्यो कडंला बसलाय त्येलाच करीन. आबा ऐकंनात. मग खुंटीचं कळलं आन् झालं तयार."

"पर का?"

"का म्हंजे? एवढी मान्सं बसल्ती. जो तो मला तपासत हुता. खाल्लंसा का म्हणून ह्यांनी तेवढं इचारलं."

मी ताटली हातात धरून तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं मी त्या लाकडाला शिव्या घातल्या होत्या, आणि आता ते आमच्या उसात उभं होतं. आता त्याला शिव्या घालून भागणार नव्हतं. चुलतभावावर तर आणखीच जळलो, कारण त्याच्याकडून हिसकावून घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आवं, ताटली ठेवा की," ती म्हणाली. "आन् तुमी खाल्लासा का पेढा?"

मी खाल्ला म्हणून सांगितलं. खाल्ला नव्हता.