आक्का पुढच्या डब्यात

कवळीमास्तरांना मालगाडी आवडत नसे.

"मालगाडीत बोलायला कोण असतं?" ते म्हणत.

म्हणून त्यांच्या माडीवर फक्त प्रवासी गाड्या होत्या. चार. त्यांना खेळण्यातल्या गाड्या म्हटलेलं मास्तरांना खपत नसे. मापातल्या म्हणायचं. चारही निळ्या, चारही एकाच खऱ्या गाडीच्या हुबेहूब प्रती, फक्त प्रत्येकीचं माप वेगळं. एकच गाडी चारदा कशाला घ्यायची, असं कुणी विचारलं की मास्तर उलट विचारायचे, "तुमच्या आईला बहिणी किती?" विचारणारा गप्प व्हायचा. ते उत्तर पटलं म्हणून की मास्तरांशी वाद घालण्यात अर्थ नाही म्हणून, हे कधी कळलं नाही.

गाड्यांना नावं होती. थोरली, मधली, धाकटी आणि शेंडेफळ. थोरलीला एकच डबा होता, पण तो लोडाएवढा. तिच्यातला प्रवासी करंगळीएवढा. मधलीतला मुळासकट उपटलेल्या दाढेएवढा. धाकटीतला पटाशीच्या दाताएवढा. शेंडेफळातला तांदळाच्या दाण्याएवढा, तोही तुकडा तांदूळ. चौघींचे रूळ चार रुंदीचे, त्यामुळे एकीच्या रुळावर दुसरी चालायची नाही. सख्ख्या बहिणी, पण एकत्र नांदणार नाहीत.

दाढा नि पटाश्या यात आल्या, कारण मास्तरांचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत आणि खालच्या खोलीत मास्तर त्यांवर कवळ्या बेतत. हिरड्यांसाठी लागणारा गुलाबी मसाला रोज थोडा उरायचा. तो फेकून देणं मास्तरांच्या जिवावर यायचं. म्हणून ते त्याचे प्रवासी करत. अनोळखी माणसं करण्यात त्यांना गोडी नव्हती, म्हणून नातेवाईक करत. कपडे रंगवत, तोंडं तशीच ठेवत. सगळं गणगोत हिरड्यांच्या रंगाचं होऊन खिडकीशी बसलं होतं. चिकटवलेलंही पक्कं. कवळीवाल्याने बसवलेला माणूस हलत नाही.

सगळं सुखात चाललं होतं. मग आक्काचा फोन आला.

आक्का मास्तरांची थोरली बहीण. वडिलांनी वाटणी केली तेव्हा खालचं घर मास्तरांना दिलं आणि माडी आक्काला. आक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, माडी मास्तर वापरायचे, आणि या गोष्टीचा उच्चार दोघंही करत नसत.

"रविवारी येतेय, बाळ्या," आक्का म्हणाली. बाळ्या आता आजोबा व्हायच्या वयाचा होता. "चिरंजीवांना व्यायामशाळा काढायची आहे. माडी बघते."

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, माडीचं राहू दे," बायको म्हणाली. "आधी वन्संना शेंडेफळातून बाहेर काढा. माझ्या बहिणीला थोरलीत बसवलंत, एवढी ऐसपैस, आणि सख्ख्या बहिणीला तांदळात?"

"चिकटवलीय."

"मग सगळ्यांनाच काढा."

"प्रवाशांशिवाय गाडी?" मास्तर म्हणाले. "म्हणजे दातांशिवाय कवळी."

"पण तांदळातच का बसवलंत?"

"लहान काम अवघड असतं. कसब लागतं त्याला."

"खरं सांगा. त्या मापात भीती वाटत नाही, म्हणून ना?"

मास्तरांनी भिंग पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

रविवारी आक्का आली. पर्स मांडीवर घेऊन क्षणभर टेकली, मग सरळ जिना चढली. दारातूनच तिने खोली मोजली, मनातल्या मनात तिथे वजनं आणि आरसे मांडले. मग तिची नजर थोरलीवर पडली. ती वाकली.

"ही तुझी मेहुणी!"

"हो."

"हसतेय."

"ती हसतेच."

"दात दिसतायत."

"बसवलेत मी."

"हातात पुस्तक. पायात बूट. बुटाला नाडी!"

"जागा होती," मास्तर म्हणाले.

आक्का सरळ उभी राहिली. "आणि मी?"

मास्तरांनी पुन्हा भिंग पुसायला घेतलं.

जिन्यातून बायकोने विचारलं, "वन्सं, चहा वर आणू की खाली घेताय?"

"मी कुठे आहे ते कळल्यावर सांगते."

मास्तरांनी लांबच्या फळीकडे बोट केलं आणि भिंग पुढे केलं. आक्काने ते डोळ्याला लावलं.

"कुठे?"

"पहिला डबा. दुसरी खिडकी."

"तिथे धूळ आहे."

"ती धूळ नाही, आक्का."

खोलीत टक् असा आवाज झाला. आक्काची कवळी मास्तरांनीच केली होती आणि राग आला की ती वाजायची. उजवीकडची दाढ उंच झालीय, घासायला हवी, असं मास्तरांच्या मनात आलं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"तुझ्या मेहुणीच्या बुटाची नाडी माझ्यापेक्षा मोठी आहे."

"पण तुझ्याकडे पर्स आहे. नीट बघ. मांडीवर. कडीसुद्धा केलीय."

"मला मांडी दिसत नाहीये, बाळ्या!" टक्. "तुला तापात रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले मी. हीच का ती मांडी?"

"आक्का..."

"महिनाअखेर माडी रिकामी कर. आणि मला त्या खिडकीतून झाडून टाक. झाडणीचीही गरज नाही. फुंकर मार."

ती खाली गेली. जाताना प्रत्येक पायरीला कवळी वाजली.

मास्तर दाराशी स्टुलावर बसले. चार गाड्या, चार खोके, महिनाअखेर. खोके ठेवायचे कुठे? खाली तर जबडेच मावत नव्हते. त्यांनी सवयीने एक डोळा मिटला. दातांची रांग सरळ आहे का ते बघताना ते असाच डोळा मिटत. समोर टेबलावर थोरली होती. तिच्यामागे, खोलीच्या पलीकडच्या टोकाला, शेंडेफळ. एका डोळ्याने पाहिलं तर शेंडेफळ लहान नव्हतं. लांबवर होतं.

मास्तर ताडकन उठले. जिन्याच्या तोंडाशी जाऊन त्यांनी बायकोला खुणेने बोलावलं.

"आक्काला खाली धरून ठेव. दुसरा कप होईपर्यंत."

"कशी धरू? निघायच्या बेतात आहेत."

"चिरंजीवांच्या लग्नाचं विचार."

तो विषय निघाल्यावर आक्का दोन कपांच्या आत उठली असती तर जगात बरीच उलथापालथ झाली असती. वर मास्तर घामाघूम होत होते. थोरली दाराजवळ, तिच्यापुढे मधली, मग धाकटी, आणि शेंडेफळ पार खिडकीच्या कट्ट्यावर. थोरलीचं इंजिन त्यांनी टेबलाखाली सरकवलं, मधलीचं नि धाकटीचं काढून खिशात टाकलं. फक्त शेंडेफळाचं ठेवलं. दोन गाड्यांमधली फट मात्र दिसत होती. ते खालच्या खोलीत मागच्या जिन्याने धावले आणि प्लॅस्टरचे जबडे ओंजळी ओंजळी वर आणले. मोठे जबडे दाराजवळ, लहान खिडकीकडे. डोंगर झाले. एका डोंगरात थोरली शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने मधली बाहेर पडत होती. एका डोंगराला सुळे होते, पण त्याला इलाज नव्हता.

त्यांनी बाहेर येऊन दार लावून घेतलं, किल्ली काढली आणि हाक मारली.

आक्का वर आली. "आता काय? आवरायला सुरुवात केलीस?"

"आत नको येऊस. भोकातून बघ."

"कशातून?"

"किल्लीच्या भोकातून."

"मी काय लोकांच्या दारांना डोळे लावत फिरते?" आक्का म्हणाली. लहानपणी घरातली निम्मी गुपितं तिला याच भोकातून कळली होती. गुडघे कुरकुरत होते तरी ती सराईतपणे वाकली.

तिने डोळा भोकाला लावला. कवळी वाजली नाही.

"एकच गाडी आहे की रे," ती शेवटी म्हणाली.

"एकच."

"केवढी लांब! डोंगरातून चाललीय." ती थोडी थांबली. "या डोंगराला सुळे का आहेत?"

"खडक आहेत ते."

"मी दिसत नाहीये."

"आक्का, पुढे गेलेला माणूस कधी दिसतो का?"

आक्काने डोळा भोकावरून हलवला नाही. पण ऐकत होती. मास्तरांनी हातातली किल्ली घट्ट धरली.

"तू इंजिनाच्या लगेच मागे आहेस. पहिल्या डब्यात. तू लहान नाहीस, पुढे आहेस."

"आणि तुझी मेहुणी?"

"शेवटच्या डब्यात."

"शेवटच्या," आक्का म्हणाली. तो शब्द तिने पेढ्यासारखा तोंडात घोळवला. "म्हणून मोठी दिसतेय. मागे राहिलेली."

"तेच तर."

"गाडी पोचेल तेव्हा आधी कोण उतरणार?"

"तू."

"ती फलाटाच्या बाहेरच राहील बहुतेक."

"लांबलचक गाडी आहे," मास्तर म्हणाले. "शक्यता आहे."

आक्का सावकाश उठली. तिच्या डोळ्याभोवती किल्लीच्या भोकाचा ठसा उमटला होता. तिने हात पुढे केला.

"किल्ली दे."

मास्तरांचा चेहरा पडला. "आक्का, महिनाअखेरपर्यंत तरी..."

"अरे बावळटा, किल्ली भोकात राहिली तर बघायचं कसं? ती माझ्याकडे राहील. दार तुम्ही नुसतं ओढून घ्या." तिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि कडी लावली. "चिरंजीवांना सांगते, उन्हात पळा म्हणून. पळायला माडी लागत नाही."

ती जिना उतरली. कवळी गप्प होती. मास्तरांना मात्र राहवलं नाही. "आक्का, उजवीकडची दाढ घासून देतो. उंच झालीय."

"असू दे," खालून आवाज आला. "उपयोगी पडते."

आक्का फाटकाबाहेर पडून फार वेळ झाला नव्हता, तोच मेहुणीचा फोन आला. तिला कुणीतरी रस्त्यातूनच कळवलं होतं की ती शेवटच्या डब्यात आहे आणि फलाटावर उतरणार नाही. बायकोने फोन कानापासून लांब धरला. ठेवल्यावर ती म्हणाली, "पुढच्या रविवारी येतेय. तिला काय दाखवणार?"

मास्तर खिडकीपाशी जाऊन एक डोळा मिटून बघू लागले. बाहेरून खिडकीला शिडी लावून पाहिलं तर गाडी उलट दिशेने चाललेली दिसली असती, मेहुणी पहिल्या डब्यात.

बायको जबडे गोळा करत होती. चालता चालता ती थांबली.

"अहो, मी कुठे आहे?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत तिने कधी विचारला नव्हता. मास्तरांनी भिंग दिलं. ती थोरलीपाशी वाकली, मग मधलीपाशी, मग धाकटीपाशी. शेंडेफळापाशी बराच वेळ गेला. चारही गाड्यांत, सगळ्या बसलेल्या गणगोताच्या मधोमध, हात पुढे करून ती उभी होती. खांद्याला पिशवी, अंगात काळा कोट. तिकीट तपासनीस.

"तुझ्याशिवाय गाडी सुटत नाही," मास्तर घाईघाईने म्हणाले.

तिने भिंग खाली ठेवलं आणि स्टूल ओढून घेतलं.

"तरीच," ती बसत म्हणाली, "माझे पाय दुखतात."