ओळख न दाखवणाऱ्या काकू

काकू रस्त्यात भेटल्या तर ओळख दाखवत नसत. सकाळभर माझ्या शेजारी बसलेली बाई दुपारी ट्राममध्ये समोरच्या बाकावर असायची आणि मी तिथे नसल्यासारखी खिडकीबाहेर बघायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी हसले, हात हलवला, शेवटी "काकू" अशी हाकही मारली. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि पुढच्या स्टॉपला उतरून गेल्या. मी नाशिकची. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला न बोलता पुढे जाणं म्हणजे सरळ भांडण. त्या संध्याकाळी मी नवऱ्याजवळ या पुणेरी बाईंचा यथेच्छ उद्धार केला.

ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात मी तेव्हा नुकतीच डॉक्टर म्हणून लागले होते. आमच्या विभागात जर्मनीत राहणाऱ्या जपानी रुग्णांचा अभ्यास चालू होता. एचआयव्हीची औषधं त्यांना कशी मानवतात, सोबत येणारे फुप्फुसांचे आणि यकृताचे संसर्ग कसे आवरतात, धिप्पाड शरीरांवर ठरलेले डोस शिडशिडीत माणसाला जास्त होतात का, असे प्रश्न होते. शहरात जपानी लोक पुष्कळ, म्हणून अभ्यास इथे. पण अडचणही तीच होती. ही माणसं एकाच दुकानातून तांदूळ आणतात, एकाच न्हाव्याकडे केस कापतात, त्यांची मुलं एका शाळेत जातात. त्यामुळे कुणालाच दुभाषी म्हणून जपानी माणूस नको होता. आणि मग आमच्या मुख्य डॉक्टरांना कुठून तरी काकू सापडल्या. तरुणपणी पुण्यात हौसेनं जपानी शिकलेल्या, लग्नानंतर काकांच्या नोकरीमागे इथे आलेल्या आणि आता साठीला टेकलेल्या. मराठी मंडळात त्यांना सगळे 'जपानी काकू' म्हणत.

ट्राममधल्या प्रसंगानंतर मी दोन दिवस फुरंगटून होते. काकूंनी ते ओळखलं आणि रुग्ण गेल्यावर दार लावून घेतलं.

"अगं, आपण दोघी ट्राममध्ये गप्पा मारतोय असं आपल्या एखाद्या रुग्णानं पाहिलं, तर त्याला काय वाटेल? या माझ्याबद्दलच बोलतायत, असंच ना? मी बाहेर कुणालाच ओळखत नाही, म्हणून तर ही माणसं इथे माझ्यासमोर तोंड उघडतात."

"पण मी तर रुग्ण नाही, काकू."

"तू तर सगळ्यात वाईट. तू डॉक्टर आहेस."

जर्मनीत डॉक्टरनं रुग्णाबद्दल मौन पाळायचं बंधन असतं, श्वाइगेप्फ्लिश्ट म्हणतात त्याला. मी त्याच्या कागदावर सही केली होती आणि विसरून गेले होते. काकूंनी मात्र ते छत्रीसारखं बारा महिने सोबत वागवलं. रुग्णालयाबाहेर रुग्णानं आधी नमस्कार केला तरच त्या मान लववत. बहुतेक जण करत नसत.

आमची तपासणी हा एक मजेशीर प्रकार होता. रुग्ण जपानीत बोलायचा, काकू मराठीत सांगायच्या, मी मराठीत विचारायची, काकू जपानीत. खोलीतलं जर्मन फक्त भिंतीवरच्या पाट्यांपुरतं उरायचं. आमचे जर्मन मुख्य डॉक्टर कधीतरी डोकावायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणून निघून जायचे. काकू रुग्णाचं बोलणं 'ते म्हणतात' असं सांगत नसत. त्या सरळ 'मी' म्हणत. "मला रात्री घाम येतो." "मी बायकोला अजून सांगितलेलं नाही." पुण्याच्या स्वच्छ मराठीत, आपल्या आईच्या वयाच्या बाईच्या आवाजात "मी मरणार आहे का?" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ लागला. त्यानंतर कुठल्याच रुग्णाला मी घाईत उत्तर दिलं नाही. हे मी काकूंचं देणं मानते.

एका रुग्णाबद्दल मात्र लिहायलाच हवं. त्यांनी तशी परवानगी दिली आहे. नाव तेवढं मी बदललं आहे. साइतो म्हणू आपण. पियानो शिकवून आणि कार्यक्रमांत साथ करून पोट भरणारे एकटे गृहस्थ. आमच्याकडे आले ते न्यूमोनिया घेऊन, तोही प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसालाच होतो तसला. एचआयव्ही तेव्हाच कळला. आम्ही त्यांना सल्फाच्या गोळ्या सुरू केल्या, श्वास सुधारला, घरी सोडलं. पुढच्या तपासणीला त्यांनी प्रत्येक प्रश्नाला हसून "काही त्रास नाही" असंच सांगितलं. मी फाइल मिटणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, त्यांना अंघोळीचं विचारता का?" रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या टबात बसणारा माणूस, आणि बरेच दिवस टब भरलाच नव्हता. का, तर गरम पाणी लागलं की अंगाला असह्य खाज सुटते. शर्ट काढायला लावला तर पाठभर पुरळ. गोळी बदलली. मी चिडून विचारलं की आधी का नाही सांगितलं, तर काकूंनी साइतोंचं उत्तर शांतपणे मराठीत आणलं, "तुम्ही इतक्या प्रेमानं औषध दिलंत, त्याला नावं कशी ठेवू?"

मग त्यांना एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्तातला विषाणू झपाट्यानं उतरायला लागला, आणि एक दिवस साइतो तपासणीला आलेच नाहीत. पुढचा टेर्मिन, म्हणजे तपासणीची ठरलेली वेळ, तीही चुकली. फोन उचलेनात. गोळ्या संपत आल्या असणार हे मला दिसत होतं आणि त्या थांबल्या तर पुढे काय होतं तेही माहीत होतं.

"मला कारण माहीत आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

काकू फार वर्षांपासून एका जपानी कॉयरमध्ये गात होत्या. पन्नासेक जपानी आणि त्यांत या एकट्या पुण्याच्या. त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात लाडकी गोष्ट. आठवड्याची तालीम चुकवायची नाही म्हणून त्यांनी सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं तिकीटसुद्धा पुढे ढकललं होतं. त्या कॉयरमध्ये नवे पियानोवादक आले होते, आणि ते साइतो होते. काकूंनी अर्थातच ओळख दाखवली नाही. पण त्यांना पाहून साइतोंचे हात पहिल्याच गाण्यात चुकले, आणि मध्यंतरात ते कोट उचलून निघून गेले.

"मी सोडतेय कॉयर," काकू म्हणाल्या. "तू त्यांच्या फोनवर निरोप ठेव. म्हणावं, त्या बाई आता तिथे नसतात, गोळ्या घ्यायला या."

"तुम्ही का सोडायचं? ते दुसरीकडे वाजवतील."

"त्यांचं पोट आहे त्याच्यावर. माझी हौस आहे." मग म्हणाल्या, "आणि मला कुणी खोदून विचारणार नाही. गळा बिघडलाय, डॉक्टरांनी गायला मनाई केलीय, असं सांगेन. या वयात खपतं."

साइतो आले. काकूंसमोर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकून उभे राहिले. काकूंनी नेहमीसारखी मान लववली आणि आम्ही कामाला लागलो. त्या खोलीत कॉयरचा विषय कधीच निघाला नाही. साइतोंची एकही तपासणी पुढे चुकली नाही, आणि हळूहळू त्यांचा विषाणू रक्तात सापडेनासा झाला.

बिघडलेला गळा सांभाळणं मात्र सोपं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत आरती काकूंनी सांगायची, हा रिवाज. पण कॉयरमधल्या त्यांच्या एक मैत्रीण दरवर्षी हौसेनं मोदक खायला यायच्या. मग इथेही गळा बिघडलेलाच ठेवणं भाग होतं. काकू ओठ मिटून टाळ्या वाजवत उभ्या राहायला लागल्या. एकदा त्यांच्या पाठीमागे एक बाई मला म्हणाल्या, "काय गं, जपान्यांबरोबर गाऊन आता आपली आरती कमीपणाची वाटते का यांना?" मला खरं माहीत होतं आणि बोलायची सोय नव्हती. मी अख्खा मोदक तोंडात कोंबला. त्या दिवशी मी काकूंचा जितका अभिमान बाळगला तितकाच मला त्यांचा रागही आला.

अभ्यास पुरा होऊन छापायला निघाला तेव्हा आम्ही आभारात त्यांचं नाव घालणार होतो. "नको गं," त्या म्हणाल्या. "या आडनावाची शहरात मी एकटीच. माझं इथलं काम आणि सोडलेलं कॉयर लोक लगेच जोडतील." मी आजही रुग्णाला त्रास विचारताना जेवणाचं, झोपेचं, अंघोळीचं विचारते. माझ्या हाताखालचे डॉक्टर हसतात आणि नंतर तेच विचारायला लागतात.

गेल्या वर्षी काकांचे गुडघे इथल्या थंडीला कंटाळले आणि दोघांनी पुण्याला परत जायचं ठरवलं. मंडळानं निरोप समारंभ ठेवला. काकूंच्या कॉयरमधली माणसंही आली होती, आणि त्यांच्यात साइतो. भाषणं झाली. काकूंचा गळा बिघडल्याची हळहळ मराठीत झाली, जर्मनमध्येही झाली. मग साइतो उठले. काकूंनी बसल्या जागेवरून हलकेच मान हलवून 'नको' म्हटलं. त्यांनी ते पाहिलं, आणि तरीही बोलले. अडखळत, पण जर्मनमध्ये, सगळ्या सभागृहाला कळेल असं.

"मला एचआयव्ही आहे. रुग्णालयात या बाई माझ्या दुभाषी होत्या. त्यांचा गळा कधीच बिघडला नव्हता. मी घाबरलो होतो, म्हणून त्यांनी गाणं सोडलं. मी वाजवत राहिलो आणि त्या गप्प राहिल्या. मी जिवंत आहे."

ते तसेच उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते, आणि एवढ्या वर्षांचं तोंडावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. काकू उठल्या. सभागृह ओलांडून त्यांच्यापाशी गेल्या, चारचौघांत त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि जपानीत हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलल्या. या दोघांमधला प्रत्येक शब्द आजवर काकूंनीच माझ्यापर्यंत आणला होता. हे बोलणं त्यांनी आणलं नाही, आणि मीही मागितलं नाही.