पाहणीसाठी आवरलेलं घर

आमच्या गल्लीत तिला सगळे कडक मावशी म्हणत. इस्त्री कडक म्हणून, असं तोंडावर सांगत. स्वभाव कडक म्हणून, असं पाठीमागे. दोन्ही खरंच होतं. नवरा लवकर गेला आणि तिने एकुलता एक मुलगा या इस्त्रीवरच वाढवला. माझं शिवणकामाचं दुकान तिच्या घराला लागून. मी शिवायचं, तिने इस्त्री फिरवायची आणि गिऱ्हाइकाने सगळं श्रेय कापडाला द्यायचं, असा आमचा शेजार.

तिचं घर म्हणजे एकच खोली. डांबर फासलेले पत्रे, आणि मागची भिंत बाराही महिने ओली. मुलाचं लग्न झालं, नात झाली आणि त्या ओलीने पोरीच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, हिला या खोलीत ठेवू नका. सून सरळ बाई, आदळआपट करणारी नव्हे. निघताना ती एवढंच म्हणाली, "आई, पक्कं घर झालं की आम्ही परत येतो." मुलाने दुसऱ्या शहरात एका गोदामात काम धरलं. मावशी मागे राहिली, आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात पक्क्या घराशिवाय दुसरं काही नव्हतं.

अशात घरासाठी सरकारी अनुदानाची योजना आमच्या गल्लीपर्यंत पोचली. साहेब येऊन जुनं घर पाहणार, फोटो काढणार; घर राहण्यालायक नाही असं त्याने लिहिलं की मंजुरी. मग बांधकाम जसं वर चढेल तसे पैसे मिळणार. गल्ली कामाला लागली. कुणी पत्रा सरकवून ठेवला, कुणी टीव्ही मेहुण्याकडे पोचवला. एका बहाद्दराने तर धडधाकट दार काढून तिथे गोणपाट टांगलं. मीही घरातला नवा पंखा उतरवला. त्यात लाज कसली? छप्पर तर खरोखरच गळत होतं.

मावशीला सावध करायला गेले, तर ही बया पदर खोचून भिंतीला चुना लावत होती! ओलीचे डाग झाकले, माझ्याकडून उरलेलं कापड नेऊन पडदे केले, दोन खुर्च्या उसन्या आणल्या. पलंगपोसाला अशी इस्त्री केली होती की बसायची भीती वाटावी. मी डोकं फोडून सांगितलं, की मावशी, आहे तसं राहू दे. ती माझ्यावरच उखडली.

"परका माणूस पहिल्यांदा घरी येणार, आणि मी त्याला पसारा दाखवू? घर गरिबाचं आहे, गबाळ्याचं नाही."

साहेब आला. वयाने लहान, बोलायला गोड. खुर्चीवर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, की इतकं नीटनेटकं घर आज दिवसभरात पाहिलं नाही. मावशीचे पाय त्या दिवशी जमिनीवर नव्हते.

यादी लागली. गोणपाटवाल्याचं नाव होतं, माझं होतं, तिचं नव्हतं. घर राहण्यायोग्य, असा शेरा पडला होता. साहेबाने डोळ्यांना दिसलं ते लिहिलं, हे मला कळतं. पण राग जात नाही. त्या भिंतीवर नुसतं बोट टेकवलं असतं तरी ओल हाताला लागली असती. चहा प्यायला वेळ होता, बोट टेकवायला नव्हता.

फेरतपासणी होते असं कळल्यावर तिने कचेरीच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. तिथे आज या, उद्या या. असंच वर्ष गेलं. त्या अवधीत मुलाने तिकडे कमी व्याजाचं सरकारी गृहकर्ज काढायचं ठरवलं. पोरीला शाळेत घालायचं होतं, किती थांबणार? मावशीने फोनवर त्याला थोडा धीर धर म्हणून विनवलं. तो ओरडला नाही, शांतपणे म्हणाला, "आई, तुझं घर मागच्या वर्षीही होणारच होतं." फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ इस्त्री गरम करत बसली, कपडा मात्र एकही घेतला नाही. त्याने कर्ज काढलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही.

तरी तिने फेरतपासणीचा नाद सोडला नाही. सुट्टीत तरी येतील, म्हणाली. दुसरा साहेब आला त्या दिवशी मी पडदे काढले, अंथरुणं उलगडून टाकली, चुना खरवडून काळी भिंत उघडी केली. मावशीला म्हटलं, तू फक्त बसून राहा. ती बसली, पण हात जागेवर ठरेनात. समोरच्या चादरीकडे जात आणि मागे येत. शेवटी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. साहेब लिहीत होता, आणि ती खाली मान घालून बसली होती. तिला इतकं लाजलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घर मंजूर झालं, बांधूनही झालं. दोन खोल्या, वर स्लॅब. आतली खोली मुलाच्या संसाराची. सुट्टीत ते आले. नात घरभर हुंदडली, एकदाही खोकली नाही. मग शाळा उघडायची वेळ आली आणि तिघं गेली.

ते गेल्यावर मी तिच्याकडे डोकावले. आतल्या खोलीतला पलंग तिने तेवढ्यात घडी न मोडल्यासारखा करून ठेवला होता. मी म्हटलं, मावशी, आता कुलूप लाव आणि जाऊन राहा त्यांच्यात.

"कशी जाऊ? घर बंद दिसलं तर दिलेले पैसे परत मागतात. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. आणि त्याने नोकरी सोडली तर हप्ते कोण भरणार?" ती पलंगपोसावरून हात फिरवत राहिली. "त्याला कर्ज तिथून हलू देत नाही, आणि मला अनुदान इथून."

तिने मला बसायला सांगितलं, पण त्या पलंगावर नाही, बाहेरच्या खोलीत.