प्लास्टिकची जात

एका शब्दापायी तुम्ही कधी एखाद्या माणसाला भरल्या कामावरून उठवलं आहे का? मी उठवलं आहे. तो माझा मामा होता आणि सहा आठवड्यांपूर्वी तो गेला. धसईच्या बाजारात, आमच्या वाचनगाडीत पुस्तकं लावत होते, तेव्हा आईचा फोन आला. "सोपान गेला गो," एवढंच म्हणाली. मला आधी त्याचा चेहरा आठवला नाही, गाडीच्या डाव्या कडेची तडकलेली पट्टी आठवली. ती त्यानं अर्धी सोडली होती... सोडली नव्हती, मी सोडायला लावली होती.

सोपानमामा आईचा चुलतभाऊ. शहापूरच्या बाहेर रस्त्याला त्याची पत्र्याची शेड होती. फुटलेले बंपर, स्कूटरची तुटकी कव्हरं, पाण्याच्या टाक्या, प्लास्टिकचं काहीही तो तापल्या सळईनं वितळवून सांधायचा. आमची वाचनगाडी मुळात सहलीची घरगाडी, जीपमागे जोडून ओढायची, आत झोपायला फळी आणि छोटासा ओटा. सिद्धगडाच्या पायथ्याशी बंगला असलेल्या एका कुटुंबानं ती टाकून दिली होती. आम्ही तिघी मैत्रिणींनी ती मागून घेतली, आत पुस्तकं लावली आणि कधी धसई, कधी भातसानगर अशी फिरवू लागलो. तिच्या कडांना पत्र्याचे सांधे झाकणारी पांढरी प्लास्टिकची पट्टी आहे. ती उन्हानं कडक होऊन तडकली होती आणि पावसाचं पाणी तिथून थेट पुस्तकांवर उतरत होतं.

मामा आला आणि त्यानं तडा संपतो तिथं बारीक भोक पाडलं. मी ओरडले, "आधीच गळतंय मामा, त्यात आणि भोक?" तो म्हणाला, "तडा पुढं पळतो गो. भोक लागलं का थांबतो." मग पट्टीच्या आतल्या बाजूनं एक सालपट काढून त्यानं काडीवर पेटवलं, काळा धूर बघितला, वास घेतला. "जात कळल्याबिगर हात लावायचा नाय. एका जातीचं दुसऱ्या जातीला धरत नाय."

आमचं घर बौद्ध, वडील आयुष्यभर जातिअंताची पत्रकं वाटणारे. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. हा शब्द आमच्या घरात निघायचा तो फक्त मोडून काढण्यासाठी. आणि आत कॉलेजच्या चार मुली वाचत बसलेल्या...

"मामा, या गाडीत हा शब्द चालणार नाही."

तो हसला. "अगो, प्लास्टिकची म्हणतोय. माणसाची नाय."

"प्लास्टिकचीसुद्धा नाही."

"मंग काय म्हणू? सगळे कारागीर हेच म्हणतात."

"मग सगळे चुकतात. शब्द सोडवत नसेल तर काम राहू दे."

मुली बघत होत्या. मामानं सोल्डरिंगची सळई बंद केली, वायर हाताभोवती गुंडाळली. "या शब्दानं माझं काय काय केलंय, ते मी पत्रकात नाय वाचलेलं, प्रज्ञे," म्हणाला आणि गेला.

तो शब्द कामाच्या भाषेतूनही जावा असं मला आजही वाटतं. पण ज्याच्या अंगावर तो आयुष्यभर पडला, त्यालाच मी चार मुलींसमोर त्याचा अर्थ शिकवला. पुढे मी बाजारातला गोंद आणून तडा चिकटवला. दोन सरींत तो उकलला, खालच्या फळीवरची पुस्तकं फुगली. मामाची शेड एसटीनं तासाभरावर. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ... गेले असते तर चुकले म्हणावं लागलं असतं. मला पत्रक लिहिता येत होतं, तेवढं येत नव्हतं. मामा शेडमध्येच काम करता करता कोसळला.

मामासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मामीनं मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. आत जुन्या फ्रिजच्या आतल्या प्लास्टिकातून कापलेल्या, बोटभर रुंद पांढऱ्या पट्ट्या. "तुज्या गाडीसाठी जमवत होता. रोज एखादी जाळून हुंगायचा. मी बोंबलायची, घरात धूर नको म्हणून." झाकणावर मामाच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रज्ञाची गाडी'. त्याखाली 'जात', त्यावर काट. मग 'कूळ', त्यावरही काट. शेवटी, 'प्रकार येकच'.

पट्ट्या आहेत, पण त्या तड्यात वितळवून कशा बसवायच्या ते आम्हांला येत नाही. सळई किती तापवायची, कुठे थांबायचं, हे त्याच्या हाताबरोबर गेलं. हे वाचणाऱ्यांत कुणी प्लास्टिक सांधणारा कारागीर असेल, तर बाजाराच्या दिवशी धसईला आमच्या गाडीशी या. आम्ही तिघीजणी शिकायला बसू. तुमच्या तोंडात बसलेला शब्द वापरा. त्यावर बोलू, भांडूसुद्धा. फक्त एक करा, मी काहीही बोलले तरी काम सोडून उठून जाऊ नका.