आढीच्या खोलीतले बटणगुलाब

लोहारा गावच्या नागम्माला बटणगुलाबाचं लई वेड. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडं, गुरुसिद्धप्पाकडं राहायला आली, ती कुंड्या घेऊनच. फुलं बोटाच्या पेराएवढी, पण कुंडी अशी डवरायची की बघत राहावं.

बसवजयंतीला ती सात कुंड्या मठात मांडायची. दरवर्षी तेच व्हायचं. दोन दिवसांत पानं पिवळी पडायची आणि कळ्या न उमलताच गळायच्या. लोकांना तेवढंच पाहिजे होतं. विधवेचा हात, दुसरं काय! विधवेला अशुभ न मानणाऱ्या बसवण्णांचा जयजयकार करणाऱ्या तोंडांनी हे बोलावं, याचा संताप येतो नुसता. पण वाईट हे की नागम्मालाही ते पटलं. भावाला मुलगी झाली, इरम्मा. हिनं तिला कधी उचलून घेतलं न्हाय. लांबूनच पाळण्याची दोरी ओढायची.

बसवजयंती भर उन्हाळ्यात यायची. कुंड्या करपू नयेत म्हणून आधी दोन दिवस नागम्मा त्या आढीच्या खोलीत ठेवायची. तिथं गवतात आंबे पिकत घातलेले असायचे, दार-खिडकी बंद, घरातली सगळ्यात गार जागा तीच. एकोणसाठ साली एक कुंडी न्हाणीमागंच राहून गेली. सकाळी तीही मठात नेली. सहा कुंड्या गळाल्या, सातवी पंधरा दिवस फुलत राहिली.

नागम्मा चमकली. हात तर तोच होता!

पुढच्या वर्षी तिनं कुणाला न सांगता चार कुंड्या आढीजवळ ठेवल्या, तीन न्हाणीमागं. चार गळाल्या, तीन टिकल्या. मग गावात आलेल्या शेतकी अधिकाऱ्याला तिनं धीर करून विचारलं. तो म्हणाला, पिकत्या आंब्यातून इथिलीन नावाचा वायू सुटतो. कोंडलेल्या खोलीत तो साचला की गुलाबाची पानं-कळ्या गळतात.

"बाई, तुमच्या हाताचा यात काही दोष नाही," तो म्हणाला.

नागम्मा तडक घरी आली. सात वर्षांची इरम्मा पायरीवर बसून केस विंचरत होती. नागम्मानं मागं बसून फणी घेतली, तशी पोर अंग चोरून पुढं सरकली.

"आत्या, तुमी मला शिवायचं न्हाय."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमीच."



"चुकलं माझं," नागम्मा म्हणाली आणि पोरीचे केस हातात घेऊन वेणी घालायला लागली.