अल्विन क्रॉशॉने दारोदार दिलेला शब्द

इंग्लंडातल्या बार्डनशॉ गावात दोन गोष्टी बापाकडून मुलाकडे येतात, एक फुटबॉलचा क्लब आणि दुसरं मत. अल्विन क्रॉशॉला दोन्ही एकाच माणसाकडून मिळाली. शनिवारी बाप त्याला खांद्यावर बसवून टॅनर्स लेनच्या मैदानावर न्यायचा, पिवळ्याकाळ्या पट्ट्यांतली अकरा माणसं हरताना दाखवायचा आणि परतताना बजावायचा, "बायको बदलता येते, देव बदलता येतो. या दोन गोष्टींना हात लावायचा नाही."

अल्विनने सत्तरी ओलांडली तरी हात लावला नव्हता. कागदाच्या गिरणीत बॉयलर सांभाळण्यात जन्म गेला. पुढे गिरणी बंद पडली, गुडघेही गेले, पण शनिवार काही गेला नाही. उघड्या पायऱ्यांवर उभं राहायचं, मीट-पाय, म्हणजे मटण भरलेली गरम पेस्ट्री, खाऊन जीभ पोळून घ्यायची आणि आपल्याच गोलकीपरला शिव्या घालायच्या. बाहेरच्या कुणी घातल्या तर मात्र त्याच्या अंगावर धावून जायचं.

राजकारणावर बोलायला त्याला फार आवडे, पण मैदानातून बाहेर पडून बोलणं त्याला जमत नसे. "पंतप्रधान आणि मॅनेजर, एकाच माळेचे मणी," तो म्हणायचा. "येतात तेव्हा म्हणतात मागच्याने वाट लावली. जातात तेव्हा म्हणतात पंचाने घात केला. मधल्या काळात गोल कुणी केला ते सांगा की!"

आणि निवडणूक? "निवडणूक म्हणजे कपचा सामना. एका मताने हरा नाहीतर हजारांनी, घरीच जायचं. दुसऱ्या नंबराला काही नाही."

"तुझा क्लब दुसरा तरी आलाय का कधी?" त्याची बायको एनिड मटार सोलता सोलता विचारी.

"तो विषय वेगळा आहे."

"हो बाई, दरवर्षी वेगळाच असतो."

या सगळ्या कटकटीत अल्विनचा एकच देव होता, ग्लेन हॅलिवेल. बचावफळीतला उंचापुरा गडी, चौदा वर्षं क्लबचा कप्तान, आता निवृत्त. मोठ्या शहरातल्या क्लबने बोलावलं तरी गेला नाही. त्याच्या नाकाचं हाड दोनदा टॅनर्स लेनवरच मोडलं. अशा माणसाबद्दल शंका घ्यायची म्हणजे अल्विनच्या लेखी चर्चमध्ये थुंकण्यासारखं होतं.

मैदानाची जमीन नगरपालिकेची. त्या हिवाळ्यात कुजबुज सुरू झाली की पालिका ती घरं बांधणाऱ्यांना विकणार. मे महिन्यात पालिकेच्या निवडणुका होत्या. मार्चमधल्या एका शनिवारी, शून्य-तीन हरल्यावर, ग्लेन स्वतः पायऱ्या चढून अल्विनपाशी आला. छातीवर क्लबच्या रंगांची फीत होती. पक्ष नाही, काही नाही.

"उभा राहतोय मी. टॅनर्स लेन विकू द्यायची नाही, एवढंच बोलणार." त्याने अल्विनच्या खांद्यावर हात ठेवला. "लोक मला ओळखतात रे, पण विश्वास तुझ्यावर ठेवतात. माझ्यासाठी मतं मागत दारं फिरशील?"

बापाचा पक्ष सोडून अल्विन फिरला. बाहेर पडताना कपाटावरचा बापाचा फोटो पालथा घालायचा आणि आल्यावर सरळ करायचा. एनिड म्हणाली, "मेलेल्या माणसाला काय दिसतंय?" तो म्हणाला, "तू माझ्या बापाला ओळखत नाहीस." गुडघ्यांना पट्टे बांधून तो अख्खी मिल स्ट्रीट चढला. कुणी कुत्रं सोडलं, कुणी चहा पाजला.

गल्लीच्या टोकाला विनी ॲशवर्थ राहायची. नवरा गेल्यापासून तिने मत दिलं नव्हतं.

"सगळे चोर आहेत, अल्विन. माझे पाय दुखतात, चोराला निवडायला कशाला जाऊ?"

"ग्लेन तसला नाही, विनी."

"कशावरून?"

"मी सांगतो म्हणून. हमी माझी."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझी? बरं."

मतदानाच्या गुरुवारी तो तिला दंडाला धरून चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेला. मत द्यायच्या टेबलावर दोरीला बांधलेली पेन्सिल तिने उगाचच जिभेला लावली आणि फुली मारली. ग्लेन थोडक्या मतांनी निवडून आला. अल्विन भर रस्त्यात रडला. एनिडने त्याच्या हातात रुमाल कोंबला आणि म्हणाली, "कप जिंकल्यासारखा काय रडतोस?" तो म्हणाला, "जिंकलाच की."

थंडी पडू लागली तेव्हा विक्रीचा ठराव पालिकेच्या सभेपुढे आला. अल्विन सकाळीच जाऊन वरच्या गॅलरीत लोकांच्या बाकांवर पुढे बसला. गळ्यात क्लबचा मफलर होता. खाली ग्लेन कोटात बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. अल्विनला वाटलं, सामन्याआधी मोठे खेळाडू असेच गप्प असतात.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "ठरावाच्या बाजूने?"

हात वर जाऊ लागले. ग्लेनचाही गेला, ताठ, कोपर न वाकवता. चौदा वर्षं अल्विनने तो हात असाच पाहिला होता. समोरचा खेळाडू फसवून पाठीमागे घुसला की ग्लेन असाच हात उंचावून पंचाला ओरडायचा, हे चालणार नाही! अल्विनची छाती भरून आली. तो उभा राहिला आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल असा ओरडला, "शाब्बास, ग्लेन! ऑफसाइड!"

खाली कुणीतरी फस्सकन हसलं. शेजारच्या बाईने त्याच्या कोटाची बाही हळूच ओढली.

"खाली बसा, राजे. हात वर करणारे विकायच्या बाजूचे आहेत."

अल्विन बसला. ग्लेनचा हात अजून वरच होता. कारकून सावकाश मोजत होता.

ठराव मंजूर झाल्यावर अल्विन जिन्यात थांबून राहिला. ग्लेन उतरताना त्याला पाहून थबकला.

"अल्विन, ऐक. हायवेजवळ नवं मैदान मिळतंय. छप्पर असेल, बसायला खुर्च्या. तुझ्या गुडघ्यांना बरं."

"माझ्या गुडघ्यांचं नाव घेऊ नकोस. तुला काय मिळतंय?"

ग्लेनने कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. "तिथे क्लबचा कारभार बघायला मला नेमतायत."

"कधी ठरलं हे?"

"फेब्रुवारीत."

अल्विनने मनातल्या मनात महिने लावून पाहिले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मग मे. "म्हणजे तू माझ्याकडे आलास तेव्हा..."

"हो."

"मला सांगायचं तरी, मर्दा."

"सांगितलं असतं तर फिरला असतास दारं?"

हे ग्लेन अगदी साधेपणाने म्हणाला, जसा सराव संपल्यावर पोरांना चुका समजावून सांगायचा. अल्विनला तेच सोसवेना. शिवी दिली असती तर उलटी देता आली असती. केसाने गळा कापला, आणि वर केस नीट विंचरून.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा गुडघ्यांना पट्टे बांधले.

"आता कुठे?" एनिडने विचारलं.

"ज्या दारांवर शब्द दिला, त्या दारांवर."

"तुझी काय चूक? फसला तर तूच आहेस."

"ग्लेन कुणाच्या दारी गेला होता? मीच गेलो होतो."

 एनिडने त्याचा मफलर खुंटीवरून काढून लपवला. दारोदार चेष्टा व्हायला नको.

चेष्टा झालीच. एकाने विचारलं, "यंदा कुणाची हमी आणलीस, अल्विन?" दुसऱ्याने दार उघडलंच नाही, पडदा तेवढा हलला. एका म्हाताऱ्याने ग्लेनला इतक्या शिव्या घातल्या की अल्विनच्या तोंडून सवयीने, "पण गडी होता चांगला..." निघालं. मग त्याने तोंड मिटलं आणि पुढच्या दाराकडे वळला.

विनीचं दार शेवटचं. ती हातमोजे घालून पायरी धूत होती. त्याने टोपी काढली आणि सगळं सांगितलं, जिन्यातलं बोलणंसुद्धा.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी त्याला मत दिलंच नव्हतं रे."

"दिलंस की. मीच नेलं होतं तुला."

"फुली त्याच्या नावापुढे मारली. मत तुला दिलं होतं."

अल्विनने हातातली टोपी फिरवली. "मग आता पुढच्या वेळी..." त्याने सुरुवात केली.

विनीने बादलीतलं पाणी गटारात ओतलं, पायरीवर हात टेकून उठली. "नको येऊस पुढच्या वेळी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, रागावली असती तर बरं झालं असतं. "रस्ता चढाचा आहे. तुझे गुडघे दुखतात, माझे पाय."

आणि तिने दार लावून घेतलं.