रशीद होडेकरांनी नाकारलेली कविता

रशीदभाईंना त्यांच्याच एका कवितेची किळस यायची, आणि ती कविता त्यांच्याकडून मी लिहून घेतली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

रत्नागिरीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाच्या अहवालांची कामं. त्यातून थोडं नाव झालं म्हणून गावातल्या साहित्य मंडळाने मला चिटणीस केलं. १९९८ साली स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचा विशेषांक काढायचा ठरला. मजकूर जुळवून झाल्यावर अध्यक्षांच्या लक्षात आलं की अंकात एकही मुसलमान नाव नाही. ते बरं दिसणार नाही, असं ते म्हणाले. मलाही ते पटलं. खरं तर त्यात काही वावगं आहे, हे मला तेव्हा दिसलंच नाही.

रशीद होडेकर मिरकरवाडा बंदरावर एका बर्फाच्या कारखान्यात क्रशर चालवायचे. बर्फाची लादी मशीनच्या तोंडात ढकलायची आणि खालून येणारा चुरा होड्यांना द्यायचा, हे काम. त्याआधी अकरा वर्षं मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काढलेली. कारखान्याची छपाई माझ्याकडे असल्यामुळे त्यांचं येणंजाणं होतं, आणि ते कविता लिहितात हे मला ठाऊक होतं. पेन्सिलीने लिहायचे, कारण बर्फाच्या ओलीत शाई पसरते. मी त्यांना म्हटलं, समुद्रावर काहीतरी द्या, एकोप्याचं, बंधुभावाचं. त्यांनी समोरच्या बाकावर बसून दहा मिनिटांत कागद हातात दिला. ‘एकच गलबत’.

लाटा वेगळ्या, पाणी एक,
वल्ही वेगळी, गाणी एक.

पुढे अशाच आणखी चोवीस ओळी. मी खूश झालो. कागद देताना ते म्हणाले, "घाईत झालंय. नाव घालू नका माझं." मी हसून नाव घातलं. नावासाठीच तर कविता मागितली होती.

ती कविता अशी पसरली की विचारू नका. शाळांनी घेतली, बँकेच्या कॅलेंडरवर आली, गणेशोत्सवात आणि ईद-मिलनात म्हटली गेली. कुणीतरी तिला चाल लावली. रशीदभाईंना बोलावणी येऊ लागली, आणि प्रत्येक ठिकाणी ओळख तीच: आमचे मुस्लिम बांधव, पण किती शुद्ध मराठी लिहितात बघा. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता आठवलं तरी तोंड कडू होतं. रशीदभाईंच्या घरी सात पिढ्या मराठीच बोलत आल्या. कोणत्या भाषेत लिहायला हवं होतं त्यांनी?

त्यांच्या खऱ्या कविता निराळ्याच होत्या. एकदा मी विचारलं, तुम्हाला सुचतं कसं? ते म्हणाले, "चांगलं काही बघून मला कधी सुचलं नाही. मळमळलं की सुचतं." दुपारी चारच्या सुमारास बंदरावर होड्यांची गर्दी झाली की गटाराचं पाणी, कोळंबीची सालं आणि डिझेल एकत्र होऊन जो वास उठायचा, त्यात त्यांच्या ओळी जन्माला येत. मनात आलेली ओळ ते क्रशर चालू असताना मोठ्याने म्हणून बघत. त्या खडखडाटातही जी ओळ स्वतःला नीट ऐकू येई ती ठेवायची. हळुवार आवाजात म्हटल्याशिवाय जी चांगली वाटत नाही, ती खोटी समजून सोडायची. उपमांचा त्यांना तिटकारा होता. आंघोळ टाळणाऱ्याला अत्तर लागतं, तशी खोट्या ओळीला उपमा लागते, असं ते म्हणायचे. हीसुद्धा उपमाच झाली, असं मी दाखवून दिल्यावर म्हणाले, "म्हणून तर बोलतो. लिहीत नाही."

एक कविता त्यांनी पाच वर्षं धरून ठेवली होती. कारखान्यामागच्या शेडमध्ये बायका कोळंबी सोलायला बसत. त्यांत सगुणा नावाची एक जुनी बाई होती. तिच्या बोटांची टोकं कोळंबीच्या पाण्याने खाऊन लाल झालेली, कातडी सुटलेली. रशीदभाईंनी त्या शेडवर आणि त्या हातांवर कविता लिहिली आणि मोठ्या भरवशाने तिलाच वाचून दाखवली. सगुणेने हातातलं काम थांबवलं. "भाई, ह्ये कशाला लिवलात?" ती म्हणाली. "आमी घरी जाऊन दोन-दोनदा आंग धुतो. तुमी तो वास कागदावर नेऊन ठेवलात."

त्या दिवशी त्यांना स्वतःचीच शिसारी आली. दुसऱ्याची घाण दुरून बघायची आणि तिची कविता करायची, यात आणि टाळ्यांसाठी एकोपा लिहिण्यात फरक काय, असं त्यांनी मला विचारलं होतं. पुढे वर्षभराने त्यांनी ती कविता पुन्हा हातात घेतली आणि शेवट बदलला. मला तो कागद दाखवला तेव्हा म्हणाले, घाण दाखवायची तर त्यात आपण कुठे उभे आहोत हे आधी सांगायला हवं. नाहीतर तोंड बंद ठेवावं.

२००३ च्या जानेवारीत लांज्याला काव्यसंमेलन झालं. आयोजकांना मीच रशीदभाईंचं नाव सुचवलं होतं. या खेपेला त्यांच्याबरोबर बायको मरियम आणि कॉलेजात शिकणारी मुलगी महरीनही आल्या. मरियमभाभींना ‘एकच गलबत’ फार आवडायची. त्या कवितेमुळे मोहल्ल्यात आणि बाहेरही त्यांना मान मिळाला होता. नवा दुपट्टा घेऊन त्या पहिल्या रांगेत बसल्या.

सुरुवातीलाच एका शाळेच्या मुलांनी त्या कवितेवर नाच बसवला होता. पुठ्ठ्याचं गलबत, अर्ध्या मुलांच्या कपाळाला टिळे, उरलेल्यांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या आणि हनुवटीला कापसाच्या दाढ्या. मुलगे कमी पडले असावेत. सात-आठ वर्षांच्या एका मुलीलाही दाढी चिकटवली होती. डिंकाने खाज येत असणार, ती सारखी हनुवटी खाजवत होती, आणि पडद्याआडून एक बाई तिच्यावर डोळे वटारत होत्या. ‘गाणी एक’ म्हणताना त्या सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. सभागृहाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. शेजारी बघितलं तर रशीदभाई नव्हते.

ते मागच्या दाराबाहेर, पाण्याच्या टाकीपाशी वाकून ओकत होते. मी पाठीवर हात ठेवायला गेलो, तो त्यांनी झटकला. चूळ भरली आणि आत गेले.

त्यांचा पुकारा झाला. पाहुण्यांनी त्यांची तीच ओळख करून दिली. रशीदभाईंनी खिशातून कागद काढला आणि पेन्सिलीने लिहिलेलं वाचायला लागले:

चार वाजता गटार बंदराला मिळतं.
सालं, डिझेल, कुणाचं तरी पिवळं.
सगुणा त्याच पाण्यात हात धुते
आणि हात आधीपेक्षा जास्त घाण मारतात.
मी तिथेच असतो. मी बर्फ देतो.
बर्फाने वास मरत नाही, थांबतो.

इतकं होईतो मागच्या रांगांत हसू फुटलं. एक बाई पदर नाकाला लावून बसल्या. कवितेचा वास येतो की काय, अशा. व्यासपीठावरून चिठ्ठी पुढे सरकली. ती त्यांनी माइकवरच वाचली: ‘एकच गलबत घ्यावी, ही विनंती.’ मग चिठ्ठी खाली ठेवून ते म्हणाले, "ती कविता माझी नाही." आणि उतरले.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्या सभागृहात ते बहुधा मला एकट्यालाच कळलं. चार दिवसांनी एका साप्ताहिकात चौकट आली: गाजलेली कविता चोरीची, कवीची जाहीर कबुली. मग पत्रं आली. काही पत्रांत जे लिहिलं होतं ते कवितेबद्दल नव्हतंच, त्यांच्या नावाबद्दल होतं. ज्यांनी पाच वर्षं बांधव म्हणून गळ्यात हार घातले, त्यांनाच आता आधीपासून शंका होती. मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, तरी म्हटलं, इतकी शुद्ध कशी. मी त्या बैठकीत होतो. चहा प्यायलो.

मरियमभाभी महिनाभर बाजारात गेल्या नाहीत. महरीन माझ्याकडे आली आणि म्हणाली, काका, अब्बांच्या हातचा मूळ कागद तुमच्याकडे असेल, तो छापा. कागद होता. पाच ओळींचा खुलासा लिहून साप्ताहिकाला द्यायचा, एवढंच काम. मी तो लिहिलाही. पण मंडळ माझं, लांज्याचे आयोजक माझं गिऱ्हाईक, ज्यांच्या शाळेचा नाच होता त्यांच्या उत्तरपत्रिका माझ्याकडे छापायच्या. आज देतो, उद्या देतो करत तो खुलासा खणातच राहिला. दरम्यान मी रशीदभाईंना विचारून मोकळा झालो होतो. ते म्हणाले होते, "राहू दे. सुटलो एकदाचा." त्यांच्या या बोलण्याचा मी आडोसा केला. खुलासा त्यांना नको असेल, पण त्यांच्या बायकोमुलीला हवा होता, आणि ते मला माहीत होतं.

बेवारस गोष्टीला धनी मिळायला वेळ लागत नाही. २००५ साली एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगायला सुरुवात केली की ‘एकच गलबत’ आपण तरुणपणी लिहिली होती, वही हरवली. कुणी वही मागितली नाही. त्यांचा सत्कार ठरला, आणि निमंत्रणपत्रिका माझ्याकडेच छपाईला आली. मागच्या बाजूला पूर्ण कविता, खाली गुरुजींचं नाव. मी प्रूफ तपासलं. ‘वल्ही’तला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. तीनशे प्रती छापून पोचवल्या.

आठवडाभराने एक पत्रिका घेऊन मी बंदरावर गेलो आणि रशीदभाईंना सगळं सांगितलं: मूळ कागद, खणातला खुलासा, पत्रिका मीच छापली ते. क्रशर बंद करून त्यांनी ऐकून घेतलं. पत्रिका उलटी करून कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"त्यांचं मला काही वाटत नाही, भिकाजीशेठ," ते म्हणाले. "ते पहिल्यापासून तसेच होते. तुम्हाला मात्र मी कविता वाचून दाखवायचो."

पत्रिका माझ्या हातात परत देऊन त्यांनी मशीन चालू केलं. मी आणखी काहीतरी बोललो, पण त्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही.

मंडळाचं चिटणीसपद मी त्याच महिन्यात सोडलं. त्याने काही फरक पडला नाही, दुसऱ्याच दिवशी दुसरा मिळाला. मूळ कागद आणि खुलासा दोन्ही मी महरीनच्या हातात दिले. तिने ते आईला वाचून दाखवले आणि पुढे कुठेही पाठवले नाहीत. रशीदभाई अजून बर्फाच्या कारखान्यात आहेत. कारखान्याची छपाई आता दुसरीकडे होते. ते लिहितात, असं महरीन सांगते, पूर्वीपेक्षा जास्त लिहितात. शेडमधल्या जेवणाच्या सुट्टीत सगुणेला आणि आणखी दोघी-तिघींना वाचून दाखवतात, आणि त्या बायका काही ओळी काढून टाकायला लावतात. मी त्यातली एकही कविता वाचलेली नाही.